दूरध्वनी खोक्यात, नस्ती वित्त शाखेत

चेन्नईतील आमच्या कार्यालयात इंटरनेटवर चालणारे टेबल-फोन येऊन तीन महिने झाले. ते अजून खोक्यांतच आहेत. निविदेत फोन होता. त्याला केबलमधूनच वीज पुरविणारा स्विच आणि त्यामागचा यूपीएस नव्हता. न्यूनतम दर मात्र निर्दोष! जुन्या तांब्याच्या तारेला एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्ट मिळत. दिवे गेले तरी घंटी वाजे. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा चक्रीवादळ सोसलेल्या शहरात हे कुणालाच सुचू नये? २००२ साली शासनाने इंटरनेट-दूरध्वनीला मुभा दिली, पण देशांतर्गत साध्या फोनशी जोडणी नाकारली. ती वाट २०१८ मध्ये मोकळी झाली. तेव्हा अडसर धोरणाचा होता, आता आमच्याच तक्त्याचा आहे. चहापत्ती घेऊन दुधासाठी वेगळी मंजुरी मागावी, तसे हे. माझी टिप्पणी परत आली: ‘स्विचचे औचित्य स्पष्ट करावे.’