सोंग कोणाचे?

डोक्याला मार लागलेला कामगार विस्मरणाची तक्रार करू लागला, की विमा कंपनीचा पहिला प्रश्न उपचाराचा नसतो. गडी सोंग तर करीत नाही ना, हे आधी पाहिले जाते. या संशयाला शास्त्राची वस्त्रे चढविली ती न्यूकॅसलचे मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री मिलर यांनी. भरपाईचा दावा मिटल्यावर पुन्हा तपासलेल्या ५० जणांपैकी २ वगळता कोणीही अधू राहिला नव्हता, असे त्यांनी १९६१ साली व्याख्यानांतून सांगितले. हे पन्नास जण मुळातच 'मानसिक' ठरवून बाजूला काढलेले होते. पण मालकांच्या वकिलांना तेवढे पुरेसे होते! निकालानंतर दोन वर्षे उलटूनही पुष्कळ जखमी कामावर परतलेले नसतात, हे ऑस्ट्रेलियातील जॉर्ज मेंडेलसन यांनी दाखवून दिले ते १९८२ मध्ये. मधल्या एकवीस वर्षांचा हिशेब कोण देणार?

सोंग कोणी करीतच नाही, असे नव्हे. टॉम्बो यांच्या १९९६ च्या स्मृतिकसोटीत ५० चित्रे दाखवून नंतर प्रत्येक वेळी दोहोंतून पाहिलेले चित्र ओळखावयास सांगतात. डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याचीही सुमारे २५ उत्तरे बरोबर येतात. एखाद्याची दहाच आली, तर तो खरे उत्तर जाणून टाळतो आहे, हे मानावेच लागेल. परंतु संशयाची रेषा आखली आहे ती ४५ वर! तिच्याखाली प्रगत स्मृतिभ्रंशाचा रोगीही सापडतो. तेथे कसोटी एवढेच सांगते की, या गुणांवर विसंबता येत नाही. कारण ती सांगत नाही. 'अविश्वसनीय गुण' याचे 'अप्रामाणिक माणूस' असे भाषांतर करतो तो पैसे वाचवू पाहणारा.

अमेरिकेतील 'फेक बॅड स्केल' तर याहून निर्लज्ज. लीस-हेली व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये रचलेल्या या ४३ विधानांच्या पट्टीत झोपेची वा अंगदुखीची तक्रार मान्य केली की संशयाचा गुण वाढतो. मग खरोखर दुखत असेल त्याने करावे काय? २००७ मध्ये हीच पट्टी एमएमपीआय या प्रख्यात व्यक्तिमत्त्वचाचणीच्या अधिकृत गुणांकनात जाऊन बसली.

कसोट्या जाळा, असे कोणी म्हणत नाही. पण एका आकड्यावर कोणाची भरपाई बुडता कामा नये. पूर्ण गुणपत्रक कामगाराच्या तज्ज्ञाच्या हाती पडले पाहिजे, आणि तपासणाऱ्याची फी कोणी भरली हे अहवालाच्या पहिल्या पानावर छापले गेले पाहिजे.