घरची गाडी आणि फॉर्च्युनर

आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी फॉर्म्युला वनची चर्चा रंगते. कुणी टायर कधी बदलले, पिट-स्टॉपला किती सेकंद लागले, पोरांना सगळं तोंडपाठ. छान आहे. पण त्याच पोरांसमोर मी बैलगाडी शर्यतीचं नाव काढलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "अरे, ते अजून चालतं?" आणि दोन, "बिचारे बैल!" दुसरीत तथ्य आहे, तिच्याकडे येतोच. पहिलीचं उत्तर आधी देऊन टाकतो. चालतं, जोरात चालतं, आणि मला काळजी आहे ती नेमकी त्या 'जोरात'ची.

मी मूळचा मिरजेचा. मिरज म्हटलं की लोकांना सतारी आठवतात, दवाखाने आठवतात, फार तर रेल्वे जंक्शन. पण गावातून पूर्वेला निघालात की मालगाव, बेडग, आरग, आणि त्यापुढे कवठेमहांकाळ, जत असा पट्टा लागतो. त्याच्या वर आटपाडी. एकेकाळी हा सगळा दुष्काळी भाग, आणि खिलार बैलाचा मुलूख. पांढरा, लांब शिंगांचा, काटक आणि चांगलाच तापट गडी. आता म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, ऊस आणि द्राक्षं आली, घरोघरी ट्रॅक्टर आले. नांगराला बैल लागेनासा झाला. मग गोठ्यात खिलार उरला कशासाठी? खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत तो उरला शर्यतीसाठी.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्याकडे जुन्नर-खेड-आंबेगावात घाटावर पळतो तो 'गाडा'. त्याला चार बैल, पुढे घोडी, गाड्यात माणूस नाही आणि निकाल घड्याळावर. आमच्याकडे सातारा-सांगलीत पळते ती गाडी. हलका छकडा, दोन बैल, वर एक गाडीवान, आणि एका वेळी पाच-सात गाड्या आपापल्या पट्ट्यातून शेजारी-शेजारी सुटतात. गटात पहिला आला तो सेमीला, सेमीतला पहिला फायनलला. पट्टा बदलला की बाद. सरकारी नियमाने धावेची हद्द हजार मीटर. म्हणजे मिनिट-दीड मिनिटाचा मामला! शॉर्ट-ट्रॅक रेसिंग म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

त्यात वयाचे गटही आहेत, आणि वय ठरतं दातांवर. दुधाचे दात न पडलेला खोंड तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. खाली मिरज-कोल्हापूरकडे बिनदाती, दोनदाती असंही म्हणतात. शर्यतीआधी बैलाचं तोंड उघडून दात बघतात. इंजिनची क्षमता तपासायची याहून सोपी पद्धत मी तरी पाहिलेली नाही.

आता मुद्द्याचं. ती मिनिटभराची धाव उभी राहते एका घराच्या जिवावर. माझ्या मावशीचं घर पूर्व भागात आहे, आणि तिथे मैदानाच्या आदली रात्र कशी असते ते मी बऱ्याचदा पाहिलंय. पिकअप दारात लागलेली असते. मावसभाऊ छकड्याच्या चाकाला वंगण घालत असतो, काका जू पुन्हा पुन्हा तपासत असतात. वहिनी पेंड आणि भिजवलेली डाळ वेगळ्या बादलीत काढते. पाणीसुद्धा घरचंच कॅनमध्ये भरून न्यायचं, कारण बैल परक्या पाण्याला तोंड लावेल न लावेल. आजी मीठ-मोहरी उतरवते. धाकटा पोरगा, जो शाळेच्या दप्तराला हात लावत नाही, तो गोठ्यात गोणपाट टाकून बैलाशेजारी झोपतो. 'झोपतो' म्हणायचं आपलं. रात्री दोनला कुणीतरी बॅटरी घेऊन बघून येतं की बैल बसलाय का, रवंथ करतोय का. रवंथ करत असला तर बैल निवांत, मग माणसंही जरा आडवी होतात.

दुसऱ्या दिवशी गट पास झाला, आणि दिवस कलताना सेमीत गाडी गेली. म्हणजे हरली. रात्री अकराला पिकअप दारात आली तेव्हा आजीने निकाल विचारला नाही. आधी बैलाचे खूर पाहिले, मग गाडीवान नातवाला "जेवलास का रे?" विचारलं, आणि निकाल सगळ्यात शेवटी.

याला तुम्ही 'टीम' म्हणा, 'घर' म्हणा. कुणालाही पगार नाही, पण प्रत्येकाला काम आहे. आणि काम ठरतं ते कुणाचा हात कशात बसलाय त्यावर.

यातही गंमत अशी, की बऱ्याचदा गाडीचे दोन्ही बैल एका घरचे नसतात. एक पळणारा बैल तुमच्याकडे, एक माझ्याकडे, दोघं मिळून गाडी जुंपतात. त्याला शब्द आहे 'पैरा'. हा शब्द शर्यतीने जन्माला घातलेला नाही. पूर्वी एकाच बैलाची ऐपत असलेले दोन शेतकरी आळीपाळीने एकमेकांचं रान नांगरून द्यायचे, तो पैरा. शेतातून ती पद्धत गेली, शर्यतीत मात्र टिकली. चाळीस लोकांच्या ओपन प्लॅन ऑफिसात 'कोलॅबरेशन'वर ट्रेनिंग घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी या शब्दापाशी जरा थांबावं.

आता इतिहास, पटकन. केंद्र सरकारने २०११ मध्ये बैलाचा समावेश वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या यादीत केला, म्हणजे खेळासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांत. ७ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्ही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, पण मुंबई हायकोर्टाने परवानगी रोखून धरली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे परिसरात गोपीचंद पडळकरांनी शर्यत जाहीर केली. पोलिसांनी गावं बंद केली, तरी पहाटे माळावर गाड्या पळाल्याच. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

या सगळ्या वर्षांत शर्यतीच्या बाजूने कोणती बाजू मांडली गेली ते आठवा. ही शेतकऱ्याची परंपरा आहे, बैल हा घरातला आहे, शर्यत गेली तर देशी वाण जाईल. मला ही बाजू पटते. मावशीच्या गोठ्याकडे बघून पटते. पण बाजू जर ही असेल, तर परवानगी मिळाल्यावर आपण काय केलं हेही बघायला हवं ना?

२०२३ च्या एप्रिलमध्ये खानापूर तालुक्यात भाळवणीला डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी मैदान घेतलं, पहिलं बक्षीस थार. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांनीच कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावच्या माळावर मैदान घेतलं, पहिलं बक्षीस फॉर्च्युनर. गर्दी अफाट. मोबाइलवर थेट प्रक्षेपण. बैल सेलिब्रिटी झाले, त्यांची नावं पोरांच्या स्टेटसला आली. आयोजकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. बक्षीस मोठं म्हणून खोंडाला भाव आला, भाव आला म्हणून गोठ्यात गाय राहिली. हे खोटं नाही. ज्या खोंडाला कुणी विचारत नव्हतं, त्याला आज बाजारात लाखांत मागणी येते.

पण भाव वाढला की माल कुणाकडे जातो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. चांगला पळणारा खोंड दुसा होईपर्यंत घरात राहतच नाही. एखादा बिल्डर, एखादा नेता, एखादा हौशी उद्योजक येतो, आकडा सांगतो आणि मुलीच्या लग्नाला टेकलेला बाप दावं हातात देतो. त्याला दोष कसा देणार? मग त्या बैलाला पगारी माणूस, पगारी गाडीवान, एसीची गाडी. बैलाची बडदास्त कदाचित जास्तच. पण ज्या घरामुळे कोर्टात बाजू टिकली, ते घर आता कडेला उभं राहून टाळ्या वाजवतंय.

आणि हरलेल्या बैलाचं काय? २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. त्या निर्णयावर कुणाचं मत काहीही असो, परिणाम असा की न पळणारा, न नांगरणारा बैल मरेपर्यंत पोसायची जबाबदारी कुणाच्या तरी गळ्यात पडते. घरातला बैल घरात म्हातारा होतो. गुंतवणूक म्हणून घेतलेला बैल कुठे म्हातारा होतो?

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम गावात बोमन ग्रे नावाचं स्टेडियम आहे. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा, म्हणजे साधारण चारशे मीटरचा ट्रॅक. १९४९ पासून तिथे उन्हाळ्यात शनिवारी रात्री गाड्यांच्या शर्यती होतात. मायर्स नावाचं एक घराणं अगदी सुरुवातीच्या काळापासून तिथे गाडी पळवतंय, आता नातवंडं-पतवंडं मैदानात आहेत. आठवडाभर गॅरेजमध्ये बाप-लेकांनी गाडी ठोकायची आणि शनिवारी रात्री पळवायची, अशी घरं अशा छोट्या ट्रॅकवर भरपूर. तिथेही पैशाने घरं बाहेर फेकली जाण्याची भीती होतीच. त्यावर त्यांनी भाषणं नाही केली, नियम केले. आयएमसीए नावाच्या संस्थेने १९७९ मध्ये मातीच्या ट्रॅकसाठी स्वस्तातल्या गाड्यांचा एक वर्ग काढला. त्यातला एक नियम मला फार आवडतो. शर्यत संपली की प्रतिस्पर्धी ठरलेली माफक किंमत मोजून तुमचं इंजिन मागू शकतो. मग कोण कशाला महागडं इंजिन बसवेल?

हा नियम बैलाला लावता येणार नाही, लावूही नये. इंजिन मागणं वेगळं आणि आजीचा बैल मागणं वेगळं. पण त्यामागचा विचार उचलता येईल. खेळ गरिबाच्या आवाक्यात ठेवायचा असेल तर ते नियमात लिहावं लागतं, आपोआप होत नाही.

मला सुचतात त्या तीन गोष्टी.

एक, बक्षीस वाटून द्या. समजा पहिलं बक्षीस पंधरा लाखांचं आहे आणि मैदानात तीस गट आहेत. विजेत्याला पाच लाख द्या, उरलेले दहा लाख तीस गटविजेत्यांना वाटा. प्रत्येकी तेहतीस हजार होतात. मावशीच्या घरी त्यात पिकअपचं भाडं, डिझेल आणि बैलाची कित्येक दिवसांची पेंड निघते. फॉर्च्युनर एकाच दारात उभी राहते, हे पैसे तीस गोठ्यांत जातात.

दोन, 'घरचा खोंड' असा वेगळा गट हवा. ज्या घरच्या गाईला झाला, त्याच घराने पळवायचा. विकत घेतलेला चालणार नाही. वाण टिकवायचं म्हणता ना? मग गाय सांभाळणाऱ्याला मान द्या, फक्त चेकबुक सांभाळणाऱ्याला नको.

तीन, आणि हा माझ्या धंद्यातला मुद्दा. जनावरांच्या कानात आज बारा अंकी बिल्ला मारतात. म्हणजे प्रायमरी की तयारच आहे! त्या नंबरावर प्रत्येक धाव, प्रत्येक मालक, डॉक्टरची प्रत्येक तपासणी नोंदवा. एका दिवसात बैल किती वेळा पळवला ते दिसेल, घरचा की विकतचा ते दिसेल, आणि निवृत्तीनंतर तो कुठे गेला तेही दिसेल. शेवटच्या मालकाला हे सांगणं बंधनकारक करा. डेटाबेस म्हणून हे वीकेंडचं काम आहे. इच्छाशक्तीचं मात्र नाही.

राहिली 'बिचारे बैल'वाली प्रतिक्रिया. काठी, खिळा, बॅटरीचा शॉक, शेपटी पिरगाळणं हे प्रकार होत होते, म्हणूनच बंदी आली होती. आज कायद्यात पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा मैदानावर पोचतो तो पोलिसांच्या जीपने, आणि जीप प्रत्येक पट्ट्यात नसते. तिथे बैलाला वाचवतो तो त्याच्या मालकाचा जीव. घरच्या गोठ्यात वाढलेल्या बैलाला शॉक दिला तर रात्री त्याच गोठ्यात त्या पोराला त्याच्याशेजारी झोपायचंय. पगारी गाडीवानाला फायनलचा बोनस दिसत असताना ही अडचण नसते. सगळी घरं साधी आणि सगळे पैसेवाले निर्दय असं माझं म्हणणं नाही. पण माणूस आणि बैल यांच्यात अंतर जितकं वाढेल, तितकी निर्दयता सोपी होत जाते, एवढं नक्की.

म्हणून प्राणिप्रेमी आणि शर्यतशौकीन यांनी एकमेकांना शिव्या देणं जरा थांबवावं. दोघांना हवी असलेली गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे बैल घरातला राहणं. कोर्टाने शर्यत वाचवली ती घराच्या नावावर. ते घरच मैदानातून बाहेर पडलं तर पुढच्या खटल्यात आपण काय सांगणार आहोत? फॉर्च्युनर दाखवणार?

पुढच्या वेळी सांगली-साताऱ्याकडे जाल तेव्हा जाहिरातीतलं मोठं मैदान सोडा. एखाद्या लहान गावच्या यात्रेचं मैदान बघा, जिथे पहिलं बक्षीस ढाल आणि काही हजार रुपये असतं. संध्याकाळी उजेड कमी होत जातो, फायनलच्या गाड्या पट्ट्यावर लागतात, आणि प्रत्येक गाडीमागे एक अख्खं घर श्वास रोखून उभं असतं. आपल्याला वाचवायचंय ते हे.