आधी अक्षरं शिकवा

द्रवातल्या दाबाचं सूत्र मुलांच्या वहीत कसं उतरतं ते बघा: 'पी बरोबर पी जी एच'. उजवीकडचा तो पी नव्हेच, तो घनतेचा ऱ्हो. पण फळ्यावर पी काढला गेला आणि तोंडानेही पीच म्हटलं गेलं. एखाद्या मुलीने दोन्ही बाजूंचे पी कापून 'जी एच बरोबर एक' लिहिलं, तर गुण तिचे कापणार. ते शिकवणाऱ्याचे कापले पाहिजेत.

फोटॉनच्या ऊर्जेतला न्यू म्हणजे वारंवारता. तो हुबेहूब व्हीसारखा काढतात, मग मुलं तिथे वेग घालून मोकळी होतात. ओमेगाचा डब्ल्यू होतो, कायचा एक्स. हा अडाणीपणा मुलांचा नाही. अक्षरओळख न देताच आपण त्यांना वाचायला बसवलं आहे.

विल्यम जोन्सने १७०६ साली पाय छापला, ऑयलरने १७५५ मध्ये बेरजेसाठी सिग्मा घेतला. त्यांच्या काळच्या युरोपातली शिकलेली माणसं ग्रीक शाळेतच गिरवत. आपण चिन्हं उचलली आणि गिरवणं टाकून दिलं.

ही परकी अक्षरं काढून देवनागरी घ्या, असं सांगणारेही भेटतात. मला ते साफ नामंजूर आहे. लॅम्डा कोल्हापुरात आणि टोकियोत एकच, ही सोय आपल्या मुलांच्या हातून का काढून घ्यायची? भास्कराचार्यांचा दाखला द्यायचाच असेल तर नीट द्या. 'बीजगणिता'त अव्यक्त राशींसाठी यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक ही नावं त्यांनी वाचकाला सांगितली आहेत. चिन्हाची ओळख करून देणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही.

आणि सिग्माचे हाल तर विचारूच नका. संख्याशास्त्रात तो प्रमाण विचलन, विजेत वाहकता, उष्णतेत स्टीफन-बोल्ट्झमनचा स्थिरांक. 'इथे सिग्मा म्हणजे अमुक' एवढं एक वाक्य लिहायला कुणाचा हात दुखतो?

अक्षरं अवघी २४. मोठ्या लिपीतली निम्म्याहून जास्त तर रोमनसारखीच दिसतात. नववीत त्रिकोणमितीचा थीटा येण्याआधी एक तास यासाठी द्या. ऱ्होची दांडी खालून वर ओढायची आणि पेन न उचलता गोल वळवायचा, हे फळ्यावर करून दाखवा. प्रत्येक मुलाकडून नाव मोठ्याने म्हणवून घ्या. त्यानंतरही जो शिक्षक ऱ्होला पी म्हणेल, त्याला पोरांनी भर वर्गात टोकावं.