वैशाखाची परीक्षा

आषाढाच्या पहिल्या सरी कोसळल्या की आमच्या इंदूरच्या रोपवाटिकांतून एकच गर्दी उसळते. पावसाने न्हालेली, फुलांनी लवलेली रोपे पाहून कोणाचेही मन मोहावे, हे साहजिकच आहे. परंतु रोप पारखण्याच्या दृष्टीने हा काळ सर्वांत फसवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आषाढात कोणते रोप टवटवीत दिसत नाही? खरी परीक्षा घेतो तो वैशाख. म्हणून आमच्या वाचक भगिनींना व बंधूंना पहिले सांगणे असे, की रोपाचा श्रावण पाहून भुलू नये. त्याचा वैशाख विचारावा.

माळव्याच्या रात्रींची शीतलता पूर्वापार वाखाणली गेली आहे. येथल्या उन्हाळ्यातील दिवसांविषयी मात्र कोणी तसे बोललेले नाही. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. त्यातून जमीन काळी. पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडणारी. शिवाय इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरील जलूदहून पंपांनी चढवून आणले जाते. इतक्या सायासाने दारी येणारे पाणी चैत्रातच मान टाकणाऱ्या रोपावर ओतावे काय, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, विवेकाचा आहे.

मग भरवशाची झाडे कोणती? पहिला मान आम्ही बोगनवेलीस देऊ. ही मूळची ब्राझीलची. १७६७ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमेर्सों यांना ती रिओ दि जानेरो येथे आढळली व त्यांच्या सागरी मोहिमेचे नायक बूगँव्हील यांचे नाव तिला मिळाले. आपण ज्यांना तिच्या पाकळ्या म्हणतो ती वस्तुतः रंगीत पाने असून खरे फूल आतले, इवलेसे, पांढुरके असते. रुजलेल्या वेलीला पाणी कमी मिळाले की ती अधिक बहरते. रोज पाणी घालून ‘नुसता पालाच येतो’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

दुसरी सदाफुली. ही मादागास्करहून आली, पण आता येथलीच झाली आहे. ऊन तिला बाधत नाही, मात्र मुळाशी पाणी साचलेले खपत नाही. बी आपोआप पडून नवी रोपे उगवतात. रक्ताच्या कर्करोगावरील एक महत्त्वाचे औषध याच साध्या झाडापासून मिळते, हे मुलांना अवश्य सांगावे.

देवपूजेसाठी तगर आणि जास्वंद हवीच. तगर अर्ध्या सावलीतही फुलते आणि फारशी सेवा मागत नाही. जास्वंदीला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड भरपूर पाणी द्यावे. पांढरा पिठ्या ढेकूण दिसताच साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल मिसळून फवारावे. मोगरा तर वैशाखाचाच मानकरी. पौषात दोनएक आठवडे त्याचे पाणी तोडावे, माघात छाटणी करून शेणखत घालावे. चैत्र-वैशाखात ओंजळ भरून फुले मिळतात.

कण्हेरीविषयी मात्र आम्हांला गंभीरपणे लिहिले पाहिजे. चिवटपणात तिला तोड नाही. महामार्गांच्या दुभाजकांवर ती धुळीत आणि धुरातही फुललेली दिसते. परंतु तिचे पान, फूल, साल, चीक, सर्व काही विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे, बी तर प्राणघातक ठरते. महादेवाला वाहण्याचे फूल म्हणून ती अनेक घरांच्या अंगणात असते आणि तेथेच मुले खेळत असतात. ज्या घरी रांगते मूल किंवा गायवासरू आहे, तेथे कण्हेर लावू नये. लावलेली असल्यास छाटलेल्या फांद्या जनावरांपुढे टाकू नयेत व जाळूही नयेत, कारण त्यांचा धूरही अपायकारक असतो. झाड भरवशाचे, एवढेच पुरेसे नाही. ते घराला निर्धोकही असले पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोकणातून कौतुकाने आणलेला लाल एक्झोराही असतो. आमच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत त्याची पाने पिवळी पडतात. यात सेवेची उणीव नसते, मातीचा स्वभाव असतो. त्याला जमिनीत न लावता तांबडी माती व पालापाचोळ्याचे खत भरलेल्या कुंडीत ठेवावे. आजोळची आठवण जपायची, तर तिला थोडी आजोळची मातीही द्यावी लागते!

आता लावणीविषयी. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा आणि पाणी साचू नये म्हणून रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. चिवटातल्या चिवट रोपालाही पहिला उन्हाळा सांभाळून न्यावा लागतो. रोजच्या शिंतोड्यांपेक्षा तीन-चार दिवसांनी मुरेल असे पाणी संध्याकाळी द्यावे व आळ्यात वाळलेल्या पानांचा थर पसरावा.

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी एक गृहपाठ मात्र करावा. वैशाखातल्या एका सकाळी आपल्याच आळीतून फेरी मारावी. देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाशी, शेजाऱ्याच्या ओट्यालगत, विशेष निगेवाचून जे हिरवे उभे असेल त्याचे नाव वहीत टिपावे. त्या घरच्या आजींना विचारले, तर बहुधा एखादी फांदीही मिळेल. आषाढात ती लावावी. निवड चुकण्याची भीती फारशी उरणार नाही.