आकडा शेवटी यावा

स्तनांमधले सिलिकॉन इम्प्लांट बदलून घेण्यासाठी प्लास्टिक सर्जनकडे दुसऱ्यांदा जाणारी स्त्री बहुतेक वेळा एक आकडा मनाशी धरूनच जाते. तीनशे सीसी कमी पडले, आता चारशे हवेत. किंवा चारशे फार झाले, मान-खांदे भरून येतात, अडीचशेवर आणा. मागणी रास्त असते. शरीर तिचे आहे आणि त्याविषयीची नाराजी बोलून दाखवण्याआधी तिने पुष्कळ संकोच गिळलेला असतो. तरीही फेरशस्त्रक्रियेत हा आकडा सगळ्यात शेवटी ठरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसे यांना बसवले गेले. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो हे त्यांचे सर्जन. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही, हे त्यानंतरच्या सहा दशकांच्या अनुभवाने शिकवले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने कंपन्यांना तसा ठळक इशारा छापायला लावला. एका प्रमुख उत्पादकाने दहा वर्षे चालवलेल्या अभ्यासात, पहिल्यांदा इम्प्लांट घेतलेल्या एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. आधीचे बदलून नवे घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेले. म्हणजे दुसरी खेप पहिलीपेक्षा अवघड असते, आणि तिच्यात आकाराची निवड चुकली तर तिसरी खेप ओढवते.

आता सीसी म्हणजे काय ते नीट पाहू. ते घनफळ आहे. डोळ्यांना मात्र रुंदी आणि उभार दिसतो. ३०० ऐवजी ३५० सीसी घेतले तर घनफळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. ही वाढ तिन्ही दिशांना सारखी वाटली गेली तर प्रत्येक दिशेला जेमतेम ५ टक्के येते. १२ सेंटिमीटरची रुंदी १२.६ होते, इतकेच. अशा फरकासाठी पुन्हा भूल घेणाऱ्या स्त्रीची निराशा होण्याची शक्यता मोठी. वजन मात्र सरळ हिशेबाने वाढते. सिलिकॉन जेलचे एक सीसी जवळपास एक ग्रॅम भरते, म्हणजे ४०० सीसीची जोडी पाऊण किलोहून जड, आणि तो भार रात्रंदिवस त्याच त्वचेवर. ब्राच्या कपावरून अंदाज बांधावा तर तेही मोजमाप कंपनीगणिक बदलते. मैत्रिणीला ३५० सीसी शोभले, यावरून आपल्याला काय शोभेल हे अजिबात कळत नाही. छातीची रुंदी आणि मूळच्या स्तनाचा भाग दोघींचा वेगळा असतो.

म्हणून जाणता सर्जन टेप घेऊन सुरुवात करतो. स्तनाच्या पायाची रुंदी, स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे अंतर, त्वचा किती ताणली जाते, आणि वरच्या भागात चिमटीत किती जाडी येते, ही मापे आधी घेतली जातात. अमेरिकन सर्जन जॉन टेबेट्स यांनी हा मापांचा क्रम पद्धतशीर मांडला. इम्प्लांट स्तनाच्या पायापेक्षा रुंद असले तर ते काखेकडे सरकते किंवा मधली मोकळी जागा खाऊन टाकते. वर चिमटीत दोन सेंटिमीटरहून कमी जाडी येत असेल तर इम्प्लांटच्या कडा आणि सुरकुत्या लपवायला स्नायूचे पांघरूण लागते.

फेरशस्त्रक्रियेत ही सगळी मापे बदललेली असतात, आणि खरी अडचण इथेच आहे. पंचविशीत बसवलेले इम्प्लांट चाळिशीत बदलायचे असते. मधल्या काळात बाळंतपणे झाली, वजन वाढले-उतरले, मूळचा स्तनभाग कुठे भरला तर कुठे विरला. इम्प्लांटच्या दाबाने वरचे आच्छादन पातळ झाले. म्हणून ‘कोणता आकार हवा’ याच्या आधी ‘पहिल्या वेळी नेमके काय बिघडले’ हे विचारले पाहिजे.

शरीर इम्प्लांटभोवती आवरण तयार करते. ते आवळत गेले की स्तन कडक होतो, वर चढतो, लहान भासतो. अशा वेळी मोठे इम्प्लांट मागितले जाते. पण आवरण सोडवल्यावर किंवा काढल्यावर तेवढेच सीसी वेगळे दिसतात, आणि कमतरता मुळात आकारात नव्हतीच, हे टेबलावर कळते. दुसऱ्या कुणाचे इम्प्लांट घडीखाली उतरलेले असते. तिथे इम्प्लांट बसवलेला कप्पा टाके घालून पुन्हा वर बांधावा लागतो. त्याच टाक्यांवर आधीपेक्षा जड वजन ठेवणे म्हणजे दुरुस्तीच मोडीत काढणे. सुरकुत्यांचे तसेच आहे. मोठे इम्प्लांट घातले की त्या काही काळ भरून निघतात, पण वाढलेला भार आच्छादन आणखी पातळ करतो आणि सुरकुत्या परततात. तिथे इम्प्लांट स्नायूखाली नेणे किंवा पोटा-मांड्यांची चरबी भरणे हे पर्याय आधी तपासावेत. रुग्णाने आग्रह धरला तरी अशा वेळी मोठ्या आकाराला नकार देणारा सर्जन तिचे भले करतो, असे आम्ही मानतो.

लहान आकाराकडे जाणेही सोपे नाही. भरून राहिलेली त्वचा रिकामी झाली की ओघळते, आणि बहुतेकींना स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया जोडून घ्यावी लागते. तिचे व्रण दिसतात. पातळ झालेल्या आच्छादनात स्तनाग्राचा रक्तपुरवठा सांभाळायचा असतो, म्हणून काही सर्जन हे काम दोन टप्प्यांत करतात. खर्च आणि रजा दुप्पट होतात. तरी घाईपेक्षा हे बरे.

गेल्या काही वर्षांत आणखी एक गुंता झाला आहे. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा लिम्फोमा प्रकारच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध दिसल्यावर ॲलर्गन कंपनीने २०१९ मध्ये आपली बायोसेल इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. थेंबाच्या आकाराची इम्प्लांट फिरू नयेत म्हणून खडबडीत केलेली असत. ती काढून गुळगुळीत गोल घ्यायची तर जुना सीसीचा आकडा उपयोगी पडत नाही, कारण रुंदी आणि उभार यांचे प्रमाणच वेगळे असते. लक्षणे नसताना केवळ भीतीने ती काढू नयेत, असे एफडीएने तेव्हाच सांगितले होते.

कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवून घेतलेल्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. तिथे माप ठरते ते दुसऱ्या स्तनावरून. तो वयानुसार उतरतो, इम्प्लांटची बाजू उतरत नाही. म्हणून कित्येकदा फेरबदल निरोगी बाजूला करावा लागतो. रेडिएशन झालेली त्वचा ताण सोसत नाही, आवरण आवळण्याचा धोकाही वाढतो. भारतातील आरोग्यविमा सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळतो. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांना मात्र त्या वगळणुकीतून सूट आहे. तेव्हा शस्त्रक्रियेचे कारण कागदावर आधीच स्पष्ट लिहून घ्यावे.

कागदांचाच विषय निघाला आहे तर जुने इम्प्लांट-कार्ड शोधून सर्जनला द्यावे. त्यावर कंपनी, आकार आणि क्रमांक असतो. कार्ड हरवले असेल तर पहिल्या रुग्णालयातून नोंदी मागवाव्यात. त्याही मिळाल्या नाहीत तर काढलेले इम्प्लांट टेबलावरच तपासून, तोलून हिशेब करावा लागतो, आणि त्यासाठी तीन-चार आकारांची इम्प्लांट हाताशी ठेवावी लागतात. तात्पुरती मापाची इम्प्लांट घालून, टेबल उभे करून पाहिल्यावरच शेवटचा आकार निवडला जातो. त्या क्षणी ती स्त्री भुलीखाली असते. तिला विचारता येत नाही. म्हणून कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती सीसी चालतील, दोन आकारांत शंका आली तर लहान घ्यायचे की मोठे, आणि कप्प्याची स्थिती वाईट निघाली तर त्या दिवशी इम्प्लांट न घालता थांबायला तिची तयारी आहे का, हे तिच्याशी बोलून संमतिपत्रात तिच्या भाषेत लिहिलेले असावे.