सवतीची संमती

बहुपत्नीत्वाच्या समर्थनार्थ धर्म, रूढी आणि वंशसातत्य यांची साक्ष काढली जाते. आधीच्या पत्नीची साक्ष मात्र कोणी काढत नाही. जयपूरच्या राजघराण्याचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. सवाई मानसिंह दुसरे यांचे पहिले दोन विवाह १९२४ आणि १९३२ मध्ये झाले. जोधपूरच्या या दोन राण्या नात्याने आत्या-भाची होत्या. १९४० मध्ये गायत्रीदेवी तिसऱ्या राणी झाल्या. त्यांनी हा विवाह स्वेच्छेने केला, मग आक्षेप कसला, असे विचारले जाते. परंतु ती इच्छा येणारीची होती. घरातल्या दोघींची संमती कायद्याने आवश्यक मानली नव्हती. गायत्रीदेवींच्या मातोश्री, सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे, यांनी १९११ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला विवाह स्वतः मोडला होता. येणारीला असा नकार निदान देता येतो. आधीचीला तोही नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदू पुरुषाची ही मुभा संपवली. मात्र केंद्राच्या अधिसूचनेवाचून तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. राजस्थानातील मीणा समाज त्यांतच मोडतो. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी स्त्रीची पतीविरुद्धची दाद फेटाळली. दुसरा विवाह निषिद्ध मानणारी रूढी तिला सिद्ध करता आली नव्हती. पुराव्याचे ओझेही तिच्याच शिरावर!

कुराणाने सर्व पत्नींशी समन्यायाने वागण्याची अट घातली आहे. ती मोडल्यास १९३९ च्या कायद्यान्वये मुस्लिम पत्नीला विवाहविच्छेद मागता येतो. म्हणजे अन्याय पतीने करावा आणि घर तिने सोडावे. निकाहनाम्यात अट लिहून घेता येते, हे खरे. पण अट घालण्याइतकी सत्ता किती वधूंपाशी असते? आणि पुढे तिला नुसते विचारणेही पुरेसे नाही. जिचा निवारा पतीच्या हाती, तिचा होकार स्वतंत्र नसतो.

म्हणून एकाच धर्माकडे बोट दाखवणे ही पळवाट आहे. १९६६ मध्ये हमीद दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढून बहुपत्नीत्वबंदी मागितली. उत्तराखंडच्या २०२४ च्या समान नागरी संहितेने ती घातली; परंतु अनुसूचित जमातींना वगळले. रूढीचा मान राखायचा, तर त्याचे मोल दर वेळी घरातल्या पहिल्या स्त्रीनेच का द्यावे?