विश्लेषण : 'ट्रान्सफॉर्मर्स'ला प्रेक्षकांनी कायम चांगले गुण दिले, मग प्रेक्षक कमी का होत गेले?

'समीक्षकांनी झोडपले, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले' असा मथळा तुम्ही महिन्यातून एकदा तरी वाचता. आमच्यासारखे डिजिटल डेस्कवर बसणारे तो तितक्याच वेळा लिहितात. खेळण्यांवर बेतलेल्या अ‍ॅक्शनपटांच्या बाबतीत तर तो ठरलेलाच. 'ट्रान्सफॉर्मर्स' मालिकेवर २००७ पासून हेच लिहिले गेले आणि प्रत्येक वेळी ते खरेही होते. तरीही २००९ मध्ये अमेरिकेत ४० कोटी डॉलर कमावणारी ही मालिका २०१७ मध्ये तिथेच १३ कोटींवर आली. प्रेक्षकांना आवडत होते, तर प्रेक्षक गेले कुठे? याचे उत्तर प्रेक्षकांचे मत मोजण्याच्या पद्धतीत दडलेले आहे.

प्रेक्षकांचे मत मोजतात कसे?

अमेरिकेत यासाठी सर्वाधिक आधार घेतला जातो तो 'सिनेमास्कोअर'चा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एड मिंट्झ यांनी लास व्हेगासमध्ये ती सुरू केली. समीक्षा वाचून पाहायला गेलेल्या चित्रपटाने त्यांची निराशा केली, त्यातून ही कल्पना निघाली. पद्धत साधी आहे. चित्रपट प्रदर्शित होतो त्या पहिल्या रात्री निवडक शहरांत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या हातात एक कार्ड दिले जाते. त्यावर 'ए प्लस'पासून 'एफ'पर्यंत श्रेणी द्यायची.

'ए' ऐकायला मोठे वाटते. पण पहिल्या रात्री पदरचे पैसे मोडून येणारा माणूस मुळातच तो चित्रपट आवडून घ्यायला आलेला असतो. त्यामुळे मोठ्या व्यावसायिक चित्रपटाला इथे 'बी' मिळाला तरी ती कुरकुर समजली जाते. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सत्र संपताना फीडबॅक फॉर्म भरून घेत. सत्तरच्या वर्गातले जे बारा जण तोवर लेक्चरला येत राहिलेले असत, ते 'उत्तम'वर खूण करत. उरलेल्या अठ्ठावन्न जणांचे मत त्या कागदावर कधी आलेच नाही. सिनेमास्कोअरचेही असेच आहे. त्यात लबाडी नाही, पण जे आलेच नाहीत त्यांना तो विचारू शकत नाही.

समीक्षकांच्या आकड्याचाही असाच घोळ होतो. 'रॉटन टोमॅटोज'वर २० टक्के दिसले म्हणजे चित्रपटाला शंभरपैकी वीस गुण मिळाले असे नव्हे. पाचातल्या एकाच समीक्षकाला तो एकंदरीत बरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ.

'ट्रान्सफॉर्मर्स'चे आकडे काय सांगतात?

मायकल बे दिग्दर्शित पहिल्या चित्रपटाला २००७ मध्ये 'ए' मिळाला. २००९ च्या दुसऱ्या भागाला 'बी प्लस', २०११ च्या तिसऱ्याला पुन्हा 'ए', २०१४ च्या चौथ्याला 'ए मायनस' आणि २०१७ च्या पाचव्याला 'बी प्लस'. हे प्रगतिपुस्तक पाहून कोणत्याही पालकाला झोप लागेल.

आता याच पाच चित्रपटांची अमेरिका-कॅनडातील कमाई पाहा. सुमारे ३२ कोटी डॉलर, मग ४०, मग ३५, मग साडेचोवीस आणि शेवटी १३. या दहा वर्षांत तिकिटे महागली, म्हणजे माणसांची घट याहून मोठी. श्रेणी जागच्या जागी राहिली आणि सभागृह रिकामे होत गेले, कारण ज्यांना कंटाळा आला ते 'डी' द्यायला आले नाहीत. ते घरीच राहिले.

यातली खरी गंमत दुसऱ्या भागात आहे. 'रिव्हेंज ऑफ द फॉलन'ला वाईट चित्रपटांसाठी दिला जाणारा रॅझी पुरस्कार मिळाला. दोन जुळ्या यंत्रमानवांच्या चित्रणावर वर्णद्वेषाचा आरोप झाला, ते पुढच्या भागातून गायब झाले. तो भाग फसल्याचे खुद्द बे यांनीही नंतर मान्य केले. तरी मालिकेतली अमेरिकेतील सर्वाधिक कमाई याच भागाची. कारण लोक तिकीट काढतात ते आधीच्या चित्रपटाच्या आठवणीवर. २००९ ची गर्दी २००७ च्या चित्रपटाने कमावलेली होती. खेळण्यांच्या मालिकेत प्रेक्षकांचे खरे मत एक-दोन चित्रपट उशिरा कळते, ते असे.

चाहत्यांची तक्रार नेमकी काय होती?

ही खेळणी मुळात जपानच्या टाकारा कंपनीची. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने त्यांचे हक्क घेतले, मार्व्हलच्या लेखकांकडून पात्रांना नावे-स्वभाव लिहून घेतले आणि १९८४ मध्ये ती 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात आणली. सोबत कार्टून मालिकाही आली. त्यामुळे २००७ मध्ये चित्रपट पाहायला आलेल्या तिशीतल्या अमेरिकी प्रेक्षकाकडे मोजायला स्वतःची पट्टी होती.

ऑप्टिमस प्राइम हा चपट्या नाकाचा ट्रक होता, तो लांब बॉनेटचा झाला आणि अंगावर ज्वाळा रंगवून आला. फोक्सवॅगन बीटल असलेला बम्बलबी शेवरले कॅमॅरो झाला. मेगाट्रॉन कार्टूनमध्ये पिस्तूल बनत असे, तो परग्रहावरचे विमान बनला. यामागे तर्क होता. गाडी आणि यंत्रमानव यांचे आकारमान जुळले पाहिजे, एवढा अजस्र खलनायक मुठीत मावणारे पिस्तूल होणार नाही, असा निर्मात्यांचा आग्रह होता. ट्रक लांब घेतला, कारण त्यातून उंच यंत्रमानव निघतो. तर्क मला पटतो. पण त्या तर्काने बनवलेल्या ऑप्टिमसमध्ये दहा हजारांहून अधिक सुटे भाग होते आणि दोन यंत्रमानव भिडले की कोण कोणाला मारतोय तेच कळत नसे. ही तक्रार जुन्या चाहत्यांइतकीच नव्या प्रेक्षकांचीही होती. खेळणे हातात घेतल्यावर कुठला सांधा कुठे वळतो ते मुलाला कळते, मजा त्यातच असते. पडद्यावर नेमके तेच हरवले.

एक मागणी मात्र ऐकली गेली. कार्टूनमधल्या ऑप्टिमसला आवाज देणारे पीटर कलन यांनाच चित्रपटासाठी परत बोलावण्यात आले. बाकी कशाहीबद्दल भांडणारे चाहते या एका गोष्टीवर अजूनही एकमताने खूश आहेत.

प्रेक्षकांचे मत कधी थेट ऐकले गेले होते का?

हो, आणि त्याला कार्डाची गरज पडली नव्हती. १९८६ मध्ये 'द ट्रान्सफॉर्मर्स : द मूव्ही' हा अ‍ॅनिमेशनपट आला. हॅस्ब्रोला १९८४ चे जुने नमुने बंद करून नवे विकायचे होते. म्हणून चित्रपटाच्या सुरुवातीलाच जुन्या पात्रांना मारून टाकले आणि पाठोपाठ ऑप्टिमस प्राइमलाही. कंपनीच्या लेखी तो जुना माल होता. सभागृहातल्या सात-आठ वर्षांच्या मुलांच्या लेखी तो जवळपास वडीलधारा माणूस होता. मुले ढसाढसा रडली आणि कंपनीकडे संतापलेल्या पत्रांचा ओघ सुरू झाला.

चित्रपट अमेरिकेत ६० लाख डॉलरही कमावू शकला नाही. पण त्या रडण्याचा परिणाम झाला. त्याच सुमारास तयार होत असलेल्या 'जी. आय. जो'च्या अ‍ॅनिमेशनपटात ड्यूक हे मुख्य पात्र मरणार होते, तिथे संवाद बदलून त्याला कोमात पाठवले. आणि १९८७ मध्ये टीव्ही मालिकेत ऑप्टिमसला परत आणावे लागले. खेळणे विकणाऱ्याला पहिल्यांदा समजले, की आपण प्लास्टिक विकले असले तरी मुलांनी घेतले होते ते पात्र. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले प्रेक्षकांचे सर्वांत प्रामाणिक मत हेच.

मग निर्मात्यांना २०१४ मध्ये धोक्याची घंटा ऐकू का आली नाही?

कारण चीन. चौथ्या भागाने जगभरात ११० कोटी डॉलर केले. त्यातले ३० कोटींहून अधिक एकट्या चीनमधून आले, अमेरिकेपेक्षा जास्त. त्या वेळी तो चीनमधला आजवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. कथेचा मोठा भाग हाँगकाँगमध्ये घडतो, ली बिंगबिंग ही चिनी अभिनेत्री आहे, चिनी उत्पादनांच्या जाहिराती पेरलेल्या आहेत. एकूण आकडा वर जात असताना घरचा प्रेक्षक चाळीसवरून साडेचोवीसवर आलाय, याकडे कोण बघतो? पुढे अनेक चित्रपटांची आखणी करण्यासाठी लेखकांची मोठी फळीच बसवली गेली. पाचवा भाग आला आणि जगभरची कमाई ६० कोटींवर घसरली. २०१९ साठी ठरलेला पुढचा भाग मग वेळापत्रकातून काढून टाकला.

चांगला चित्रपट बनवून फरक पडला का?

इथे खरे दुखणे आहे. २०१८ चा 'बम्बलबी' ट्रॅव्हिस नाइट यांनी दिग्दर्शित केला (लहानपणी दूरदर्शनवर ही-मॅन पाहिलेल्यांसाठी माहिती : 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स'च्या नव्या चित्रपटाचे दिग्दर्शनही पुढे त्यांच्याकडेच आले). बीटल परत आली, यंत्रमानवांची अंगे सुटसुटीत झाली, मारामारीत कोण कोण ते दिसू लागले. दहापैकी नऊ समीक्षकांनी पसंती दिली, प्रेक्षकांनी 'ए मायनस'. चाहत्यांनी दहा वर्षे जे मागितले ते जवळजवळ सगळे मिळाले. अमेरिकेतील कमाई सुमारे १२ कोटी ७० लाख डॉलर, म्हणजे झोडपलेल्या पाचव्या भागापेक्षाही किंचित कमी.

२०२३ च्या 'राइज ऑफ द बीस्ट्स'ने थोडी उभारी घेतली, १५ कोटी ७० लाख. मग २०२४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स वन' हा अ‍ॅनिमेशनपट आला. ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन मित्र होते तेव्हाची, मैत्री तुटण्याची गोष्ट. सिनेमास्कोअर 'ए', समीक्षक खूश. अमेरिकेत सहा कोटींच्या आत, जगभरात सुमारे १३ कोटी. ट्रेलरने तो पोरकट विनोदी चित्रपट वाटेल अशी सोय केली होती, हे एक कारण. पण मोठे कारण जुनेच. बम्बलबीने आणि या चित्रपटाने आधीच्या भागांचे कर्ज फेडले. जो प्रेक्षक २०१४ नंतर उठून गेला होता, त्याला परत बोलावण्याइतकी 'ए' श्रेणीची हाक लांब जात नाही.

आपल्याकडचा प्रेक्षक यात कुठे बसतो?

भारतात नव्वदच्या दशकात फनस्कूलच्या 'जी. आय. जो' बाहुल्या दुकानांत मिळत, पण 'ट्रान्सफॉर्मर्स'शी इथल्या बहुतेकांची पहिली ओळख २००७ च्या चित्रपटातूनच झाली. त्यामुळे बीटल की कॅमॅरो या वादाशी आपले देणेघेणे नव्हते. हिंदीत डब झालेला, गाडीचा राक्षस होणारा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा, एवढेच. इथे 'बम्बलबी'मधली जुन्या खेळण्याला दिलेली दाद बहुतेकांच्या लक्षातही आली नसेल, आणि त्यात काही वावगे नाही. जगभरच्या प्रेक्षकांचे 'एक मत' म्हणून जे छापले जाते, त्यात अशी चार-पाच वेगळी मते एकत्र कोंबलेली असतात.

हॅस्ब्रोने काय ठरवले?

पहिला चित्रपट आला तेव्हा खेळण्यांच्या विक्रीने मोठी उसळी घेतली होती. कंपनीसाठी चित्रपट म्हणजे दोन तासांची जाहिरात आणि वर तिकिटाचे पैसेही प्रेक्षकाचेच. त्या जोरावर हॅस्ब्रो पुढे चित्रपटांत स्वतःची गुंतवणूकही करू लागली. 'ट्रान्सफॉर्मर्स वन' येऊन दोन महिने झाले, तेव्हा २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बातमी आली, की हॅस्ब्रो यापुढे आपल्या खेळण्यांवरच्या चित्रपटांत पैसे घालणार नाही. चित्रपट निघतील, पण खर्च स्टुडिओने करायचा.